बांधणाऱ्यानं सोडायचं

माझ्या नवऱ्याच्या पायाला भिंगरी आहे, आणि देवानं थट्टा अशी केली की नोकरी दिली ती एका जागी बसण्याची. गोंदियात कॉलेज नवंच निघालं होतं, तिथे हे खेळांचे प्रशिक्षक म्हणून लागले. पोरं पळायची, उड्या मारायची, कबड्डीत एकमेकांच्या उरावर पडायची आणि हे मैदानाच्या कडेला लाकडी पेटी घेऊन बसायचे. पेटीत कापूस, टिंक्चर, पट्ट्या, चिकटपट्टीची गुंडाळी नि कात्री. कोणी पडला की धावायचं, तो उठला की परत येऊन बसायचं. बसायचं म्हणजे काय, चुळबुळ करायची. गुडघा हलतोय, बोटं पेटीवर वाजताहेत, मान साऱ्या मैदानावर फिरतेय. नाव जागेश्वर, पण मी पहिल्यापासून मास्तर म्हणते. राग आला की तर जास्तच म्हणते.

ही नोकरी नेमकी कसली, हे माझ्या माहेरी तिरोड्याला शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. माझा भाऊ भैयाजी दर सणाला विचारायचा.

"जावईबापू कुस्ती शिकवतेत का?"

"नाही."

"मंग डॉक्टर हायेत?"

"नाहीत."

"मंग करतेत काय?"

"पोरांना मोडू देत नाहीत," मी म्हणायची. तो मान डोलवायचा नि पुढच्या सणाला पुन्हा विचारायचा.

माझ्या सासऱ्यांचं, कवडू मामाजींचं, काम मात्र सगळ्यांना कळायचं. चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या गावांत कोणाचं हाड सरकलं, मोडलं, पाय मुरगळला की मामाजींना बोलावणं यायचं. ते बांबूच्या कामट्या तासायचे, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडायचे आणि बांधायचे. पैसा घ्यायचे नाहीत. आणि त्यांचा नियम एकच होता, तोच साऱ्या झाडीपट्टीचा नियम होता: ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. तोवर दुखणाईतानं पाय भुईला टेकायचा नाही, बांधण दुसऱ्या कोणाच्या हाताला लागू द्यायचं नाही. एक दिवस मामाजी स्वतःच निघायचे. त्या घरची बाई त्यांचे पाय धुवायची, ते बांधण सोडायचे, नारळ फोडायचे आणि दुखणाईत त्यांचा हात धरून पहिलं पाऊल टाकायचा. कधी येणार, हे विचारायची रीत नव्हती.

विचारायची गरजही नव्हती. कोणाचं बांधण बाहेर असलं की मामाजी घरात टिकायचे नाहीत. अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून वाटेवर. नवी सून म्हणून गेले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काही हरवलंय. म्हटलं, "मामाजी, घडीभर पडा ना."

"बांधनाऱ्याले झोप नसते, बाई," ते म्हणाले नि पुन्हा वाटेकडे गेले.

तेव्हाच कळलं की माझ्या नवऱ्याची भिंगरी कोणाची आहे. पण बापलेकाचं बोलणं नव्हतं.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या साली मास्तर अमरावतीला व्यायामाचं शिक्षण घ्यायला गेले. मामाजींना पोरगा हाताखाली हवा होता. पोरग्याला शास्त्र हवं होतं. तिकडे त्यांनी हाडांचा सापळा पाहिला, स्नायूंची नावं घोकली, मालिश शिकले, आणि खेळाडूचा सांधा असा बांधायला शिकले की बांधून खेळता यावं. मामाजींचं बांधण माणसाला खाटेवर ठेवायचं, यांची पट्टी मैदानात उतरवायची. परत आल्यावर मोठ्या हौसेनं बापाच्या घोट्याला पट्टी बांधून दाखवली. मामाजींनी पाय वळवून पाहिला. मग विचारलं, "याचा पगार भेटनार तुले?"

"हो."

"हाडाचा पगार नाही घेत. पगाराच्या हातानं बांधलं ते बांधन नाही, चिंधी आहे."

असं म्हणून म्हाताऱ्यानं आपल्याच हातानं ती पट्टी सोडली आणि पोराच्या मांडीवर ठेवली. बांधणाऱ्याला न विचारता. झाडीत याहून मोठा अपमान नाही. त्यानंतर यांनी भंडाऱ्याच्या शाळेत नोकरी केली, माझ्याशी लग्न केलं, गोंदियाला कॉलेजात लागले. पण बापाशी जे काही बोलायचं ते माझ्या तोंडून. मी आपली दोन्हीकडच्या शिव्या गाळून निरोप पोचवायची.

चिंधी हा शब्द मात्र यांच्या मनातून गेला नाही. प्रत्येक पट्टी हे अशी बांधायचे, जणू समोर बाप उभा आहे.

कॉलेजच्या कबड्डीच्या संघात चैतराम नावाचा एक पोरगा होता. चोरखमाऱ्याचा, धुरपताबाईचा एकुलता एक. अंगानं काटकुळा, पण चढाईला गेला की समोरच्या सात जणांना कळायचं नाही हा आता कुठे आहे. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर तो असा गिरकी घ्यायचा की बघणारे ओरडायचे. मास्तरांचा लाडका. माझ्या घरी येऊन भात खाऊन जायचा आणि म्हणायचा, "काकू, मास्तर कवडूबाबाचे पोरगे हायेत, हे मी गावात सगळ्याईले सांगतो."

दिवाळीच्या तोंडावर नागपूरला विद्यापीठाचे सामने झाले. शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी चैतरामचा तोच उजवा घोटा मुरगळला. मास्तरांनी दाबून पाहिला, फिरवून पाहिला. हाड शाबूत होतं. चिकटपट्टीचे फेर देऊन त्यांनी घोटा पक्का आवळला आणि मैदानात उतरण्यापूर्वी पोराला दम दिला, "मी सोडल्याशिवाय हात लावू नको."

हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. यांना म्हणायचं होतं की मध्यंतरात खाजलं, टोचलं, तरी पट्टी फाडू नको. खेळ संपेपर्यंतची गोष्ट.

सामना जिंकला. पोरांनी चैतरामला खांद्यावर घेतलं. त्याच गोंधळात कळलं की खेमराज नावाच्या पोराचं गळ्याखालचं हाड मोडलंय. मास्तर त्याला घेऊन दवाखान्यात धावले. बाकीची पोरं दिवाळीच्या ओढीनं मिळेल त्या गाडीनं आपापल्या गावी निघून गेली.

मास्तर घरी आले ते फुलून आले. मला बसवलं, माझ्या पायाला तशीच पट्टी बांधून दाखवली. "बघ, घोटा हलतो का? नाही ना? आणि तरी चालता येतं की नाही?" मी दोन पावलं चालले. लगेच कात्री घेऊन पट्टी कापायला बसले.

"राहू द्या की थोडी," मी म्हटलं. "चांगली वाटते."

"अगं, ही ठेवायची नसते. खेळून पाय सुजतो, पट्टी काही ताणत नाही. रक्त अडतं. खेळ संपला की लगेच काढायची."

"मग चैतरामची कोणी काढली?"

कात्री थांबली. "काढली असेल की. संघातला नंदलाल होता तिथे."

असेल की! पुरुषांच्या या 'असेल की'वर संसार चालले असते तर बायकांना काम उरलं नसतं. पण मीही तेवढ्यावर सोडून दिलं. दिवाळीचं सारवण बाकी होतं.

ती दिवाळी मास्तरांनी उभ्यानं काढली. दिवा लावताना मधेच विचारायचे, "नंदलालनं कापली असेल ना गं?" अनारसा तोंडात घालायचे नि अर्धा ठेवून दारात जायचे. चोरखमाऱ्याला जाऊन या म्हटलं तर म्हणायचे, "एवढ्यासाठी काय जायचं? पोरगं शिकलेलं आहे. दुखलं तर काढेल." आणि पुन्हा फेऱ्या. खरी गोष्ट मला माहीत होती. चोरखमारा म्हणजे बापाचा मुलूख. तिथे पाऊल टाकलं की बाप दिसणार.

भाऊबिजेला आम्ही तिरोड्याला निघालो. पॅसेंजरला हीऽऽ गर्दी. गंगाझरी सोडल्यावर गर्दीतून नंदलाल वाट काढत आला. हाही कबड्डीच्या संघातला, तिरोड्याचा, गोंदियाला आत्याकडे ओवाळून घ्यायला गेला होता. कपाळावर भला मोठा टिळा.

"नमस्ते मास्टरजी! क्या मॅच हुई ना!"

मास्तरांनी नमस्कार घेतला नाही. "चैतरामची पट्टी तूच कापली ना रे?"

नंदलालचं हसू उतरलं. "मी कापत होतो, मास्टरजी. ब्लेड बी घेतली होती. त्यानं हातच नाही लावू दिला. म्हने मास्तरनं बांधलं, मास्तरच सोडनार."

"मग?"

"मग काय, गेला घरी. परवा मी मंडईच्या जत्रेसाठी चोरखमाऱ्याले गेलतो ना. खाटेवरच पडून हाये. पाय वर टांगून. मी बोला, अरे पागल, सोड. तर त्याची माय माह्यावरच चिडली. मले वाटलं, तुमालेच निरोप गेला असन."

मास्तर उठून उभे राहिले. गाडी धावत होती, जायला जागा नव्हती, तरी दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. काचेवानीला गाडी थांबली तर इंजिनाकडे बघून असं काही बोलले की शेजारच्या म्हातारीनं माळ बाजूला ठेवली. मी त्यांच्या पायांकडे बघत होते आणि माझ्याच घोट्याला पट्टी आवळल्यासारखं वाटत होतं. चूक कुठे झाली ते मला गाडीतच कळलं. दुसऱ्या कोणाही मास्तरानं ते वाक्य म्हटलं असतं तर चैतरामनं सामना संपल्यावर पट्टी फाडून फेकली असती. पण हे कवडूबाबाचं पोरगं. कवडूबाबाच्या पोरानं 'मी सोडल्याशिवाय हात लावू नको' म्हटलं की त्याचा अर्थ झाडीत एकच होतो. अमरावतीच्या शास्त्रात हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि घरी जे शिकले होते ते मास्तर विसरले होते.

तिरोड्याला भैयाजी सायकल घेऊन स्टेशनवर उभा होता, बहीण येणार म्हणून पांढरा सदरा घालून. मास्तरांनी त्याच्या हातातली सायकलच घेतली.

"जावईबापू, घरी..."

"मागून."

मी कॅरिअरवर बसले. मास्तर ओरडले, "तू कुठे? ओवाळायला जा!"

"तुमच्या सोबत कोणी नसलं तर तुम्ही वाटेत कोणाचा तरी जीव घ्याल. चला मुकाट्यानं."

भाऊ तसाच बिनटिळ्याचा उभा राहिला. भर बाजारातून कॉलेजच्या मास्तरानं बायकोला सायकलवर बसवून नेलं, याची चर्चा तिरोड्यात पुढे कितीतरी दिवस चालली, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

रस्ता कच्चा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी खणलेला. हलका धान कापून बांध्यांत पडला होता, भारी धान अजून उभा होता. मास्तर असे पायडल मारत होते की मी दोन्ही हातांनी त्यांचा सदरा धरून बसले होते. एकदा साखळी उतरली. बसवताना हात काळे झाले, साखळी तीनदा निसटली. मी म्हटलं, "सरका," आणि बसवली. ते लगेच पायडलवर उभे राहिले. 

चोरखमाऱ्याच्या अलीकडच्या गावात मंडई भरली होती. रस्त्यावरच दुकानं, दात घासायच्या गुडाखूच्या डब्या, उसाच्या मोळ्या, नाचासाठी नटून उभे दंडारवाले. सायकलवरून उतरावं लागलं. आणि कोणीतरी ओळखलं.

"हेच ना जी ते मास्तर? कवडूबाबाचे?"

झालं. माणसं गोळा झाली. चोरखमाऱ्याच्या पोरानं नागपूरवाल्यांना हरवलं ही गोष्ट गावोगाव पोचली होती. त्यात पाय बांधून खेळला म्हणून तिला आणखी धार आली होती. एकानं विडा पुढे केला. एकानं आपल्या गळ्यातला झेंडूचा हार काढून यांच्या गळ्यात घातला. एक म्हातारा म्हणाला, "बापाचा हात उतरला हो पोरामंदी. असं बांधन का मोडल्या पायानं पोरगा जितून आला!"

दहा वर्षं हे ऐकण्यासाठी माणूस तळमळत होता. आता ऐकायला मिळालं आणि त्याला माणसं ढकलून पळायचं होतं. "सोडा, जाऊ द्या," हे म्हणत होते, आणि लोकांना वाटत होतं, मास्तर लाजतात. शेवटी मीच आवाज चढवला, "अहो, पोराचा पाय जाईल! वाट द्या!" तेव्हा वाट झाली.

धुरपताबाईचं घर तलावाच्या पाळीजवळ. दारात आम्ही पोचलो तशी ती माउली तांब्या आणि परात घेऊन बाहेर आली. ती दिवाळीपासून ही तयारी ठेवून बसली होती. देवळीत नारळ ठेवला होता, त्यावर कुंकू वाळून गेलं होतं.

"आले का मास्तर? थांबा, पाय धुतो तुमचे."

"राहू द्या ते!"

"असं कसं? बांधनाऱ्याचे पाय..."

"बाजूला व्हा म्हटलं ना!" मास्तर असे ओरडले की तिच्या हातून परात पडली. मी तिला धरलं. तिला समजत नव्हतं की तिचं काय चुकलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

मागच्या अंगणात उन्हात खाट होती. खाटेवर चैतराम. उजवा पाय उंच, आणि तो कशाला टांगलेला नव्हता. खाली भुईवर एक म्हातारा बसला होता आणि पाय त्याच्या खांद्यावर होता. म्हातारा दोन्ही हातांनी पोराच्या पायाची बोटं चोळत होता. ते माझे सासरे होते.

मामाजींनी मान वळवली. डोळे लाल, दाढी वाढलेली. "आला का?" एवढंच म्हणाले. दहा वर्षांनंतरचा पहिला शब्द.

मास्तरांनी पाय पाहिला. चिकटपट्टीच्या वर आणि खाली मांस फुगून आलं होतं. बोटं निळीकाळी, तेलानं चकाकत होती.

"तुमी इथे होते?" मास्तरांचा आवाज फाटला. "तुमी इथे बसून होते, अन् तुमाले दिसलं नाही? पाय कारा पडून राहिला, दिसलं नाही तुमाले?"

"दिसलं."

"मंग काऊन नाही सोडलं?"

मामाजी बोटं चोळतच राहिले. "तुह्या हाताचं होतं. मी कसा सोडू?"

"बाबा, हे कापून फेकाचं असते!"

"मले काय माहीत? दुसऱ्याच दिवशी वाटलं का सोडाव. दोनदा वस्तरा हाती घेतला. मंग म्हनलं, पोरगं एवढं शिकून आलं, पोराले जितवून आनलं. माह्या ध्यानात नाही येत असं काही असन त्याच्या सास्तरात. आपुन हात नाही लावाव. एकडाव लावला होता हात तुह्या बांधनाले. पुन्हा नाही लावाचा, असं ठरवलं होतं."

मास्तर तिथेच भुईवर बसले. गळ्यात झेंडूचा हार तसाच होता. बापाच्या तोंडून 'तुह्या हाताचं बांधन' ऐकण्यासाठी या माणसानं अर्धं आयुष्य घालवलं. ते ऐकायला मिळालं ते असं. मला त्या क्षणी दोघांचाही भयंकर राग आला, आणि दोघांनाही पोटाशी धरावंसं वाटलं.

"बसता काय मास्तर!" मी म्हटलं. "उठा. सोडा."

पेटी घरी राहिली होती. मामाजींनी कनवटीचा वस्तरा काढून पुढे केला. धुरपताबाईनं तेल आणलं. बापानं पाय धरला आणि लेकानं कापायला घेतलं. पट्टी कातडीला अशी चिकटली होती की वस्तरा घालायला फट नव्हती.  मामाजी बोटानं तेल आत सारत, मांस दाबून जागा करत, आणि तेवढ्या जागेतून वस्तरा पुढे सरकत होता. एक फेर सुटला. दुसरा सुटला. खालची कातडी पांढरीफटक, फोडांनी भरलेली, आणि घोट्याभोवती बोट बसेल एवढी खाच. धुरपताबाईनं तोंडात पदर कोंबला.

"अंगठा हालव," मास्तर म्हणाले.

अंगठा हलला. कणभर, पण हलला.

"करंगळी."

चैतराम करंगळीकडे बघत राहिला. कपाळावर घाम आला. करंगळी हलली नाही, तिच्या शेजारचं बोटही हललं नाही. मास्तरांनी कुंपणाची बाभळीची काडी मोडून काटा घेतला. करंगळीला टोचला. काही नाही. शेजारच्या बोटाला टोचला. काही नाही. मग अंगठ्याला टोचला, तसा चैतराम किंचाळला, "आई वो!"

असं किंचाळणं ऐकून मी आयुष्यात कधी इतकी खूश झाले नव्हते. धुरपताबाई मोठ्यानं रडायला लागली. हळूहळू रक्त खाली उतरू लागलं आणि पोरगा वेदनेनं खाट हलवू लागला. मामाजींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"एवढं दुखत होतं तं फाडून काऊन नाही फेकलं रे?" मास्तरांनी विचारलं. विचारलं काय, विनवलं.

"तुमी येनार होते ना," चैतराम म्हणाला. "कवडूबाबा कधी चुकले का? मंग तुमी कसे चुकान?"

मास्तरांनी तोंड फिरवलं. पाठ हलत होती. मामाजी समोरच्या पाळीकडे बघत होते, आणि धुरपताबाई, बिचारी, रीत म्हणून देवळीतला नारळ घेऊन आली. बांधण सुटलं की बांधणाऱ्यानं फोडायचा. मास्तरांनी हात मागे घेतला. तिनं मामाजींकडे पाहिलं, त्यांनीही घेतला नाही. शेवटी तो नारळ माझ्या ओटीत आला. मी तो तिरोड्याला नेला आणि भैयाजीला ओवाळून त्याच्या हातात दिला. मी तो फोडला नाही, आणि कुठून आला तेही सांगितलं नाही.

गाडी जुंपून चैतरामला त्याच दिवशी तिरोड्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला; दोन बोटांचं सांगता येत नाही. ती दोन बोटं पुढेही जागी झाली नाहीत. माणूस चालतो, नांगर धरतो, सायकल चालवतो. पण पायाच्या बाहेरच्या कडेवर गिरकी घ्यायची म्हणजे ती बोटं भुईला धरावी लागतात. चैतराम पुन्हा चढाईला गेला नाही.

मास्तरांनी प्राचार्यांपुढे जाऊन सगळं सांगितलं, नोकरी सोडतो म्हणाले. प्राचार्य म्हणाले, "मास्तर, तो तर तुम्हाला दोष देत नाही." हेच तर यांना सोसत नव्हतं. मी म्हटलं, "सोडून पळाल तर पुढच्या पोराचा पाय कोण बांधेल? बसा तिथेच, पेटीपाशी." बसले.

पुढच्या हंगामात त्यांनी नवी रीत काढली. पट्टी बांधायच्या आधी पोराला ती सोडायला शिकवायची. आधी सोडणं, मग बांधणं. बांधून झालं की कात्री त्याच्याच हातात. पोरं हसायची. सामना संपला की मास्तर एकेकाच्या मागे फिरायचे, "कापली का? दाखव. बोटं हालव."

त्या साली थंडीत मामाजी पहिल्यांदा गोंदियाला आले. मैदानावर मास्तरांच्या शेजारी पेटीपाशी बसले. मी डबा घेऊन गेले होते. कुंपणाला टेकून चैतराम उभा होता. तो अजूनही खेळ बघायला यायचा. खेळ संपला. नवा चढाईवाला धापा टाकत आला आणि मास्तरांपुढे पाय पसरून बसला.

"मास्तर, तुमीच सोडा ना. माह्यानं नाही होत."

मास्तर नाही म्हणायच्या आत चैतराम कुंपणातून आत आला. उजवं पाऊल जरासं फरपटत आला, पोरापाशी उकिडवा बसला आणि त्याच्या हातातली कात्री धरून म्हणाला, "इथून घाल. घोट्याच्या मांगून. हे पाह्य, अंगाले लागत नाही."

मास्तर उठले. मैदान तुडवत पार त्या टोकाच्या खांबापर्यंत गेले, तिथून वळले, पुन्हा दुसरीकडे निघाले. मी हाक मारणार होते, डबा गार होत होता. मामाजींनी माझ्या हाताला धरलं.

"जाऊ दे, बाई," ते म्हणाले. "बांधनाऱ्याले झोप नसते."